वॅग-9 कुणी घेतच नाही: किंमत बदलायची की ओढ?

कल्याण_यार्ड:
ओपनटीटीडी या वाहतुकीचं जाळं उभारायच्या संगणक-गेमसाठी आपण भारतीय इंजिनांचा जो मॉड (गेममध्ये घालायची भर) करतोय, त्याची पुढची आवृत्ती काढण्याआधी हे मिटवायला हवं. वॅग-9 (मालगाडीचं इंजिन) आणि वॅप-7 (प्रवासी गाडीचं), दोन्ही 123 टनांची, दोघांची ताकद 6,000 अश्वशक्तीच्या पुढे. पण वॅप-7 ताशी 140 किमी पळतं, वॅग-9 ताशी 100. साहजिकच कोळशाच्या गाडीलाही सगळे वॅप-7च लावतात.

वॅप-7 ची किंमत आणि चालवण्याचा खर्च दीडपट करा, अशी सूचना आली आहे. माझा त्याला विरोध आहे. वॅप-7 म्हणजे गिअरिंग बदललेलं वॅग-9. वेग मिळवताना त्याची ओढ, म्हणजे खेचण्याचा कमाल जोर, सुमारे 460 किलोन्यूटनवरून 323 वर आली. आपल्या फाइलमध्ये मात्र दोघांचाही ओढीचा गुणांक (इंजिनाच्या वजनाच्या किती पट ओढ) डीफॉल्ट 0.3 वरच राहिलाय. खऱ्या आकड्यांवरून हिशेब केला की वॅग-9 ला 0.38 येतो आणि वॅप-7 ला 0.27. दोन ओळी बदलायच्या, खोटी किंमत कशाला लावायची?

हार्बरकर:
आकडे बरोबर आहेत, पण खेळताना फरक कुठे दिसणार? गेममध्ये चढाचा भार फक्त चढावर उभ्या असलेल्या डब्यांचाच पडतो. टेकडी एकाच पातळीची असेल तर चाळीस वाघिणींच्या (मालडब्यांच्या) गाडीतल्या एका वेळी दोनच वाघिणी चढावर असतात. 0.27 वालं इंजिनही ती सहज पार करेल. जे मूळ प्रवेग मॉडेलवर (गाडीचा वेग कसा वाढतो याची गेममधली जुनी, सोपी पद्धत) खेळतात त्यांना तर गुणांकाचा काहीच उपयोग नाही, त्यांना खरेदीच्या खिडकीत ओढ दिसतसुद्धा नाही. खर्च सगळ्यांना दिसतो आणि सगळ्यांना लागतो.

कल्याण_यार्ड:
मूळ मॉडेलबद्दलचं म्हणणं मान्य. पण इंजिनांचा मॉड शोधून बसवणारे बहुतेक जण वास्तव प्रवेगावरच (ओढ आणि वजन धरणाऱ्या मॉडेलवर) खेळतात, आणि तिथे सपाटीवरही फरक पडतो. कमी वेगात जोर ओढीपुरताच मिळतो, त्यामुळे जड गाडी प्रत्येक सिग्नलपासून सावकाश निघते.

राहिला घाट. कर्जत-लोणावळा 1:37, म्हणजे 2.7 टक्के. गेममधला रेल्वेचा चढ डीफॉल्ट 3 टक्के. सलग चढ बांधा आणि 1,300 टनांची अख्खी गाडी त्यावर येऊ द्या. चढासाठी सुमारे 380 किलोन्यूटन लागतात, घर्षण वेगळं. वॅग-9 एकटं नेतं, वॅप-7 रांगायला लागतं. मग दुसरं इंजिन जोडा, खऱ्या घाटात बँकर (चढासाठी जोडलेलं मदतीचं इंजिन) लावतात तसं. दोन इंजिनांचे पैसे मोजले की वॅप-7 आपोआप महाग पडतं. तुला हवी होती ती किंमत हीच, फक्त ती घाटाने वसूल केली.

कसारा_बँकर:
गुणांकाला माझा पाठिंबा, पण एक अडचण आहे. चालू खेळात ही आवृत्ती घातली तर आधीपासून धावणाऱ्या वॅप-7 च्या मालगाड्या घाटात रांगतील आणि त्यांच्यामागे अख्खी लाइन तुंबेल. चालू खेळात मॉड बदलू नका असा इशारा गेम देतो, तरी लोक बदलतातच. पॅरामीटर (खेळणाऱ्याने निवडायची सेटिंग) ठेवा: जुनी ओढ की खरी ओढ.

हार्बरकर:
पॅरामीटर म्हणजे प्रत्येक इंजिनाची चाचणी दोनदा. ती कोण करणार? आणि सपाट नकाशावर लांब पल्ल्याची मालगाडी चालवणाऱ्याचं काय? सुरुवातीचा थोडा वेळ सोडला तर पुढचा सगळा रस्ता वॅप-7च जिंकतं. माल जितका लवकर पोचेल तितके पैसे जास्त, हा गेमचा पायाच आहे. तिथे वॅग-9 पुन्हा शेडमध्येच पडून राहणार. गुणांक बदला, माझी हरकत नाही, पण वॅप-7 चा चालवण्याचा खर्च थोडा तरी वाढवाच.

कल्याण_यार्ड:
सपाट मैदानात रिकाम्या लाइनवर वॅप-7 जिंकत असेल तर जिंकू दे, ते वेगासाठीच बनवलंय. चाचणीचं काम मी घेतो. पॅरामीटर ठेवू, डीफॉल्ट खरी ओढ. खर्चाला मात्र हात लावायचा नाही.