आरोग्य विमा हा आपला हक्क की सरकारची मर्जी?

सांगलीची_लेक: आईच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत (राज्य सरकारची मोफत उपचारांची विमा योजना) होतं पण काउंटरवर म्हणाले योजनेचे बेड फुल्ल आहेत, शेवटी सोनं गहाण ठेवलं. असा विमा देणं सरकारवर घटनेनं बंधनकारक आहे का, की नुसती योजना, आज आहे उद्या नाही?

वकील_दादा: ताई, कलम 47 मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणं राज्याचं कर्तव्य म्हटलंय पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्यावरून थेट कोर्टात जाता येत नाही. कोर्टानं वाट काढली ती कलम 21 मधून, म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्कातून. पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीचा 1996 चा निकाल वाचा, ट्रेनमधून पडून डोक्याला मार लागलेला माणूस आणि एकामागून एक सरकारी दवाखाने त्याला परत पाठवतायत, शेवटी खाजगीत स्वतःच्या खर्चानं उपचार. सुप्रीम कोर्टानं 25 हजार भरपाई द्यायला लावली, आणि पैसे नाहीत म्हणून सरकारला ही जबाबदारी टाळता येणार नाही असं सांगितलं.

मास्तर: पण तो निकाल उपचाराचा आहे, विम्याचा नाही ना. योजना जीआरवर (सरकारी आदेशावर) चालते, जीआर बदलला की आपण काय करणार? राजस्थाननं 2023 ला आरोग्य हक्काचा कायदाच केला, तसा आपल्याकडं का नको? आणि विमा देऊन सरकारी दवाखाने ओस पाडले तर मला ते अजिबात मान्य नाही.

वकील_दादा: बरोबर आहे मास्तर, कायदा पाहिजेच. ताई, पुढच्या वेळी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा मदतनीस) गाठा, नकार लेखी मागा आणि तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला फोन लावा.