मदत हवी आहे: टेरिजियमच्या ऑपरेशनला टाके की फायब्रिन ग्लू?

वडिलांच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढत बुबुळावर आलंय, यालाच टेरिजियम म्हणतात. सगळा जन्म द्राक्षबागेत उन्हात गेला त्यांचा. वाढलेलं काढून वरच्या पापणीआडचा पातळ पापुद्रा तिथे बसवायचा, एवढं ठरलंय. प्रश्न आहे तो चिकटवायचा कशाने.

फायब्रिन ग्लूमध्ये माणसाच्या प्लाझ्मातून काढलेली फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही प्रथिनं असतात. दोन्ही एकत्र आली की जखमेवर रक्त गोठताना होते तशीच फायब्रिनची जाळी तयार होते आणि पुढे शरीरच ती विरघळवतं. ऑपरेशन लवकर उरकतं, टाके खुपत नाहीत. मला हेच पटतंय, पण किटचा खर्च वेगळा आहे. पेशंटच्याच रक्ताच्या थेंबावर पापुद्रा बसवतात, तोही एक मार्ग डॉक्टरांनी सांगितला.

कोणाच्या घरी ग्लू वापरून हे ऑपरेशन झालंय का? पहिल्या आठवड्यात पापुद्रा सरकला का? वडिलांना झोपेत डोळा चोळायची सवय आहे, त्याची खरी धास्ती वाटते. काही किटमध्ये गाईपासून मिळवलेलं अ‍ॅप्रोटिनिन (फायब्रिनची जाळी लवकर विरघळू न देणारं प्रथिन) असतं, त्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल आधी काय विचारून घ्यावं? नेत्रतज्ज्ञ कोणी असतील तर जरूर सांगा, पुढच्या आठवड्यात तारीख घ्यायची आहे.