मोबाईलवर शिकणं आणि वस्तीचं काम : नागपूरकरांनो, रीत लिहा

नागपुरात आणि आसपास शाळा, अभ्यासिका, निसर्गगट, ज्येष्ठांचे वर्ग अशा कामांत जे मोबाईल वापरतात, त्या सगळ्यांना या धाग्यावर आग्रहाचं निमंत्रण. स्वतःची कहाणी बाजूला ठेवा, कृती सविस्तर लिहा. कोणतं ॲप, कोणती सेटिंग, कुठं अडतं आणि का. एक गोष्ट गृहीत धरून चला: पुष्कळ घरांत चांगला फोन एकच असतो, आणि दिवसभर तो कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो.

मानेवाडा, प्राथमिक शिक्षिका

म्हणूनच गृहपाठ दुपारी पाठवून उपयोग नाही. रात्री साडेसात-आठला, फोन घरी आल्यावर पाठवा आणि उत्तराला दुसऱ्या रात्रीपर्यंत मुदत द्या. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हे चालू ठेवा, शंकांसाठी वेगळा ग्रुप करा. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) सोपी वाटते, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो संदेश पोचतच नाही. मुलांच्या आयांचे नंबर सगळ्यांना दिसणं ही मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. साध्या ग्रुपात ते दिसतात. व्हॉट्सॲपच्याच ‘कम्युनिटी’च्या (अनेक ग्रुप एकत्र बांधणारी सोय) घोषणा-ग्रुपात ॲडमिनखेरीज इतरांना दिसत नाहीत. तेवढी खटपट कराच.

वहीचा फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, फोन पानाला समांतर धरून काढायला सांगा. फ्लॅशमध्ये पेन्सिलीचं अक्षर चकाकतं आणि वाचता येत नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फोटोचा दर्जा उतरत नाही, बारीक अक्षर तपासायला तोच बरा.

पण खरं काम होतं ते व्हॉइस नोटवर. मुलानं एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा, साधारण एक मिनिट, अडखळला तरी पुन्हा रेकॉर्ड करायचं नाही. ऐकताना पुस्तकात चुकलेल्या जोडाक्षराखाली रेघ मारत जा. ‘प्रकाश’चं ‘परकाश’ होतंय की ‘सूर्य’चं ‘सुरय’, हे वहीत दिसत नाही, आवाजात लगेच सापडतं. परत एकच दुरुस्ती पाठवा आणि तीही आवाजातच. आईला वाचता येत नसलं तरी ती पोराला ऐकवू शकते.

हिंगणा रोड, वस्तीतली अभ्यासिका

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर चालतात. वर्गात बसून स्कॅन करू नका. टिनाच्या खोलीत नेटवर्क गेलं की पोट्टे हातचे जातात. आदल्या दिवशी धडा डाउनलोड करा, मग विमान मोड लावून एकदा पूर्ण चालवून बघा. काही व्हिडिओ मुळात यूट्यूबवर असतात, ते नेटशिवाय उघडत नाहीत. हे आधी पाहिल्याशिवाय कळत नाही. एका फोनवरून दुसऱ्यावर फाइल द्यायला अँड्रॉइड फोनमधलं क्विक शेअर वापरा. डेटा लागत नाही, फक्त दोन्हीकडे ब्लूटूथ आणि वायफाय चालू हवं.

एका फोनभोवती चारच मुलं बसवा. पाचव्याला पडदा तिरपा दिसतो आणि मग तो खोड्या काढतो. दोन-तीन मिनिटांनी व्हिडिओ थांबवून आकृती वहीत काढून घ्या. फोन धरणारा हात दर वेळी बदला, नाहीतर ज्याला आधीच येतं तोच धरून बसतो, आणि मुलींच्या हाती तो येतच नाही.

धरमपेठ, मोबाईल दुरुस्ती

मे महिन्यापुरतं सांगतो. पारा ४५ कडे गेला की फोन चार्जिंग थांबवतो, फ्लॅश किंवा कॅमेरा बंद करतो. हा बिघाड नाही, बॅटरी वाचवायची सोय आहे. कव्हर काढा, सावलीत ठेवा, ब्राइटनेस उतरवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. चार्जिंगला लावून वर्ग घेऊ नका.

गोरेवाडा-अंबाझरी, निसर्गगट

आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राणी नोंदवायच्या ॲपवर नोंद ‘रिसर्च ग्रेड’ (अभ्यासाला वापरण्याजोगी) व्हायला फोटो किंवा आवाज, तारीख आणि जागा हवी, शिवाय ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत. झाडाचं नुसतं फूल पुरत नाही. पानाची मागची बाजू आणि खोडाची सालही काढा. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडे, दोन्ही फोटो घ्या. महाराजबागेतल्या पिंजऱ्यातला प्राणी किंवा कुंडीतला गुलाब टाकला तर ‘बंदिस्त किंवा लागवडीचं’ अशी खूण केलीच पाहिजे, नाहीतर नकाशावर तो रानातला म्हणून चढतो. मुलांसोबत गेलं की हीच चूक वारंवार होते. घरच्या अंगणातली नोंद असेल तर जागा ‘अस्पष्ट’ करून ठेवा.

इतवारी, नकाशे

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनीच भरलेला, सगळ्यांना खुला नकाशा. त्यावर आधीच असलेल्या जागांची माहिती भरायला स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप, अंगणवाडी किंवा दवाखाना नव्यानं टाकायला एव्हरी डोअर हे ॲप. इतवारीच्या बोळांत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे जीपीएसचा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. ठिपक्यावर विसंबू नका, उपग्रहचित्रावर छप्पर ओळखून तिथं खूण करा. गूगल मॅप्सवरून नावं उतरवायची नाहीत, परवान्यात ते बसत नाही. पाटी वाचा, दुकानातल्या काकांना विचारा.

त्रिमूर्ती नगर, ज्येष्ठांचा वर्ग

काका-काकूंचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही, बोट त्यांचंच फिरलं पाहिजे. पहिल्या दिवशी फक्त अक्षरं मोठी करणं आणि भाषा मराठी करणं. यूपीआय शिकवण्याआधी एवढं पक्कं करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पैसे देतो म्हणून कुणी पिन मागितला तर पैसे आपल्याच खात्यातून जाणार. फसवणूक झालीच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला फोन. हा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाड पेनानं लिहून घ्या, कारण घाबरलेल्या माणसाला तो फोनमध्ये शोधता येत नाही.