इन्फोग्राफिकचं टूल कुठलंही घ्या, गुण घरालाच मिळतायत

खाडीपलीकडे
मी गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यंदा नववीला प्रकल्प होता: ऑलिव्ह रिडले कासवाचं जीवनचक्र, एका पानाच्या इन्फोग्राफिकमध्ये, म्हणजे चित्रं, आकडे, बाणांतून माहिती सांगणाऱ्या पानावर. विषय अगदी दारातला, किनाऱ्यावर घरटी होतात, मुलांनी हॅचरी (अंडी जपायची जागा) बघितलेली. ग्रुपवर सूचना गेली, ‘कॅनव्हा, पिक्टोचार्ट किंवा आवडेल ते टूल वापरून घरून करून आणा.’ मग शिक्षकांच्या बैठकीत कुठलं टूल चांगलं यावर तासभर वाद. माझ्या मते तो वाद दुय्यम आहे. काम घरी होणार असेल तर टूल कुठलंही द्या, आपण मोजतो ते घर.

आलेली कामं सांगते. सगळ्यांत देखण्या पोस्टरवरचं कासव ऑलिव्ह रिडले नव्हतंच, ग्रीन टर्टल होतं. टेम्प्लेटमध्ये आलं तेच राहिलं. एका मुलीनं चित्रकलेच्या वहीतल्या पानावर पेन्सिलीनं केलं होतं. घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पन्नासेक दिवसांनी पिल्लं, आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, हे तिनं बाणांनी दाखवलेलं. सादरीकरणात तिला कमी गुण पडले. घरात फोन एकच, तो वडिलांचा, आणि वडील ट्रॉलरवर गेले की फोनही समुद्रात.

टूलांबद्दल विचारणार आहातच, तर माझं मत. कॅनव्हा सगळ्यांत सोपं, शिक्षकानं ओळख पटवली की शाळेसाठीची आवृत्ती फुकट मिळते. पण टेम्प्लेटं, चित्रं सगळी नेटवरून येतात आणि जुन्या फोनवर ॲप रडतं. पिक्टोचार्टचे आलेख छान, फुकटच्या खात्यात डाउनलोड मात्र मोजकीच. इन्फोग्राम आकड्यांना उत्तम, पण फुकट खात्यातलं काम जगाला दिसतं. चौदा वर्षांच्या मुलांसाठी मला ते नको. लिबरऑफिस इम्प्रेस हे स्लाइड करायचं फुकट सॉफ्टवेअर दिसायला गबाळं, पण एकदा टाकलं की नेट लागत नाही, शाळेतल्या जुन्या डब्यांवरही चालतं, पान उभं ए-४ करून थेट चित्र किंवा पीडीएफ काढता येतं. माझा कौल इम्प्रेसला. काम शाळेच्या तासातच व्हावं, तिघांत एक संगणक. घरी फार तर कागदावरचा आराखडा.

लांज्याचा चाकरमानी
मॅडम, कळकळ पोचली, पण औषध उलटं देताय. मी पुण्यात आयटीत आहे, इम्प्रेस वापरणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. गावात नाही म्हणून शाळेतही नको, मग पोरांनी कॅनव्हा शिकायचं कुठे, वाकड-हिंजवडीत येऊन? कोकण बोर्ड वेगळं झालं २०१२ साली, तेव्हापासून दहावीच्या निकालात आपण राज्यात पुढे. पोरं कमी नाहीत. आणि ‘फोन नाही’ हे रडगाणं आता जुनं झालं. असरचा (ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा) २०२४ चा अहवाल काढा, खेड्यांतल्या १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे.

खाडीपलीकडे
काढला. त्याच अहवालात पुढे वाचा. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन ३६.२ टक्के मुलग्यांकडे आणि २६.९ टक्के मुलींकडे. घरी फोन असणं आणि संध्याकाळी दोन तास तो हातात मिळणं यात फरक आहे. आंब्याच्या हंगामात बागवाल्याचा फोन वाशी मार्केटशी बांधलेला असतो, तो पोरीला कासव काढायला देणार? संगणकाचं तर बोलायलाच नको. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३.४. आकडा जुना आहे, मान्य, पण मधल्या काळात घरोघरी आले ते फोन.

झेरॉक्सवाला
देवरूखात माझं झेरॉक्स, नेट आणि फॉर्म भरायचं दुकान आहे. तुम्ही सगळे कुठल्या टूलबद्दल भांडताय? टूल मी आहे. प्रकल्पाच्या आठवड्यात पोरं येतात, सोबत आई किंवा काका. ‘दादा, सरांनी कॅनव्हावर सांगितलंय.’ विषय विचारतो, टेम्प्लेट उघडतो, मजकूर गूगलवरून, रंगीत प्रिंटसकट पन्नास-साठ रुपये. एकाच वर्गातल्या सात पोरांना एकच टेम्प्लेट जाऊ नये म्हणून मी रंग बदलून देतो, तेवढी माझी कला. धंदा म्हणून तक्रार नाही. पण ज्यांच्याकडे पन्नास रुपये नसतात ती पोरं माझ्याकडे येतच नाहीत, तेव्हा त्यांचं मला काही सांगता येणार नाही.

लांज्याचा चाकरमानी
म्हणजे दोष टूलचा नाही, आळशी शिक्षकांचा. मजकूर कुठून आणला हे दोन प्रश्न विचारले की पोरगं उघडं पडतं.

खाडीपलीकडे
पडतं ना. पण वर्गात बावन्न मुलं आणि तास पस्तीस मिनिटांचा.

सुरंगी
मी वेगळ्या बाजूनं भांडणार आहे. कागद-पेन्सिल म्हणजे समता, हे कोणी ठरवलं? माझ्या मुलाचं अक्षर म्हणजे कुर्ली चालल्यासारखं. चित्रकलेत तो कायम काठावर पास. कॅनव्हानं त्याला पहिल्यांदा असं पान दिलं, जे बाईंनी फळ्यावर लावलं. हाताचं कसब हीसुद्धा घरून मिळालेली गोष्टच आहे. ज्या घरात बाप गणपती रंगवतो, त्या घरातलं पोर कागदावर आधीच पुढे असतं. फोन नसलेल्या मुलीसाठी तुमचा जीव तुटतो, तो तुटायलाच हवा. पण तिला न्याय द्यायला माझ्या पोराचं टूल काढून घेऊ नका. आणि हो, आम्ही श्रीमंत नाही, हप्त्यावरचा फोन आहे.

खाडीपलीकडे
सुरंगी, हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच मी कागदावर थांबा म्हणत नाही. पान संगणकावरच होऊ दे, फक्त शाळेत. तुमच्या मुलाला तिथेही चौकोन, बाण, फॉन्ट सगळं मिळेल. त्याच्या शेजारी ती पेन्सिलवाली बसेल, एवढंच.

देवगडचो
ह्यां सगळां खरां, पण आमच्या वाडीत रेंज गावता ती फकत देवळाच्या पायरेर. पावसात थंय पण नाय. प्रोजेक्ट करूक पोरां छत्री घेवन बसतत, आणि सर म्हणतत ‘वेळेवर अपलोड करा’. सरांच्या घरात वायफाय आसा.

जुना संगणक
रत्नागिरीजवळच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो, म्हणून दोन्ही पक्षांना थोडं जमिनीवर आणतो. शाळेतल्या संगणकांपैकी एका वेळी निम्मे चालू असतात. खाऱ्या हवेनं पोर्ट गंजतात, जून ते सप्टेंबर विजेचा लपंडाव, यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. ‘शाळेच्या तासात करू’ म्हणणं सोपं आहे. प्रकल्प द्यायचाच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्या. कासवांचा हंगामही तेव्हाच सुरू होतो.

इम्प्रेसला माझा पाठिंबा आहे, पण मॅडमनी फॉन्टचं सांगितलं नाही. आमच्याकडे अर्ध्या संगणकांत जुने, युनिकोड (अक्षरं सगळीकडे सारखी दिसायची पद्धत) नसलेले फॉन्ट आहेत. त्यात टाइप केलेला मजकूर दुसरीकडे चिकटवला की चिनी-जपानी काहीतरी दिसतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेनं केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत. पेन ड्राइव्हवर आणून प्रत्येक मशीनवर टाकले की नेटशिवाय चालतात आणि कॅनव्हाइतकंच बरं दिसतं. मुलांची निम्मी ‘डिझाइन’ची भूक फॉन्टनंच भागते.

शिवाय गंमत म्हणून सांगतो, क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे फ्लोरेन्स नाइटिंगेलनं १८५८ साली पाकळ्यांच्या आकृतीतून दाखवलं. आधी दोन वर्षांचे आकडे गोळा केले, आकृती नंतर. आमच्याकडे पोरं आधी टेम्प्लेट निवडतात आणि मग त्यात बसतील एवढेच आकडे शोधतात. ही सवय टूलनं लावली, हे मात्र चाकरमान्यांनी मान्य करावं.

लांज्याचा चाकरमानी
सवय टूलनं लावली नाही, घाईनं लावली. पण फॉन्टचं पटलं. बरं, एक सरळ प्रस्ताव. आमच्या मंडळाच्या वर्गणीतून शाळेला दहा टॅब देतो, वर्षभराचं नेटही. मग तरी कॅनव्हा चालेल?

जुना संगणक
टॅब आमच्याकडेही आलेत. कुणीतरी दिले, फोटो निघाले, फुटले तर भरून कोण देणार म्हणून आता कपाटात कुलूपबंद. टॅब देऊ नका, दुरुस्तीचे पैसे द्या. त्याचा फोटो निघत नाही, तेवढीच अडचण.

सुरंगी
😀 वर्मावर बोट. पण मॅडम, मूळ प्रश्न राहिलाच. गुणांचं काय करणार? ‘सादरीकरण’ हा रकाना आहे तोवर माझा मुलगाही घरीच पॉलिश करणार आणि झेरॉक्सवाल्यांचं दुकानही चालणार.

खाडीपलीकडे
तोच रकाना बदलायला मागितलाय. वीस गुणांत माहितीची अचूकता आणि ती कुठून आणली याला दहा, आकृतीतून नातं कळतं का याला सहा, तोंडी दोन प्रश्नांना चार. रंग, चकाकी, छपाईला शून्य. काळी-पांढरी प्रिंट चालेल, शाळेच्या प्रिंटरवर. ज्याला घरी कॅनव्हात करायचं त्यानं खुशाल करावं, जास्तीचे गुण नाहीत. बावन्न मुलांच्या तोंडी परीक्षेला तीन तास लागतील, ते कुठल्या विषयाचे घ्यायचे यावर मुख्याध्यापक अजून बोललेले नाहीत.

लांज्याचा चाकरमानी
चकाकीला शून्य मला पटलेलं नाही. नीटनेटकं काम करणाऱ्याला त्याचं काहीच मोल नाही, हा धडा मुलांना देताय. दोन तरी ठेवा.

झेरॉक्सवाला
दोन ठेवलेत तर ते माझेच. दुकानाचा बोर्ड बदलतो, ‘सादरीकरण करून मिळेल’.