मदत हवी आहे: एसबीएमध्ये (सीरममधल्या अँटीबॉडीज जिवाणू मारतात का, ती चाचणी) सीरमशिवायच जिवाणू मरतायत

मेनिंगोकोकस (मेनिंजायटिसचा जिवाणू) गट सी, सशाच्या पिल्लांचं कॉम्प्लिमेंट (अँटीबॉडीच्या साथीने जिवाणू मारणारी रक्तातली प्रथिनं). ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये सीरमचं दुप्पट विरलन २० मायक्रोलिटर, जिवाणू १० (खळ्यात साधारण ८०० सीएफयू, म्हणजे वसाहत करू शकणारे जिवाणू), कॉम्प्लिमेंट १०, म्हणजे अंतिम २५ टक्के. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं निष्क्रिय केलेलं. ३७ अंशांवर ६० मिनिटांनी १० मायक्रोलिटर तिरक्या आगारवर ओघळ सोडून.

निष्क्रिय कॉम्प्लिमेंटच्या कंट्रोलमध्ये २१० वसाहती, सक्रिय कॉम्प्लिमेंट पण सीरम नाही तिथे जेमतेम ९०. ५० टक्के मारण्याची रेषाच मग कुठून धरायची? १:८ चा टायटर (निम्मे जिवाणू मारणारं सीरमचं शेवटचं विरलन) दिसला तरी तो अँटीबॉडीचा की कॉम्प्लिमेंटचा, कळायला मार्ग नाही.

बफर ठीक आहे, कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे. नाहीतर उलट मारलंच गेलं नसतं. वितळवणं-गोठवणंही कारण वाटत नाही, त्याने कॉम्प्लिमेंट कमजोर होतं, विषारी नाही. शंका दोन: कॉम्प्लिमेंटच्या या लॉटमध्ये आधीच असलेल्या अँटीबॉडीज, किंवा जिवाणूंचं कॅप्सूल (बाहेरचं आवरण) पातळ झालंय. दुसरीसाठी गट सीच्या अँटीसीरमने स्लाइडवर गुठळ्या होतात का, ते आधी बघायचंय.

लॉट बदलणं हा सरळ उपाय, पण सॅम्पल्स अर्धे याच लॉटवर झालेत. त्यातल्या अँटीबॉडीज त्याच स्ट्रेनने बर्फावर शोषून घेतल्या तर सी३ (कॉम्प्लिमेंटमधलं मुख्य प्रथिन) किती शिल्लक राहतं? ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन) घालून शोषण केलं, तर नंतर कॅल्शियम-मॅग्नेशियम परत कसं भरता? की कॉम्प्लिमेंट सरळ २० टक्क्यांवर उतरवावं? मानवी कॉम्प्लिमेंट सुचवू नका, त्याचा संरक्षण धरण्याचा कटऑफ १:४, जुन्या निकालांशी तुलनाच संपेल.