शब्दचर्चा : प्रायोजक, पुरस्कर्ता, आश्रयदाता... आणि 'वादग्रस्त' नक्की कोण?

खडखड :
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी १९७०च्या दशकातल्या फॉर्म्युला वन शर्यतींवर लेख दिला होता. संघांना पैसा कुणी पुरवला आणि त्यावरून काय काय गदारोळ झाले, असा विषय. संपादकबाईंनी मुद्रित परत पाठवलंय, त्यात माझा 'प्रायोजक' सगळीकडे 'पुरस्कर्ता' झालाय. त्यांचं म्हणणं, प्रायोजक हा दूरदर्शनचा सरकारी हिंदी शब्द, मराठीला पुरस्कर्ता आहे की! आता वाक्य असं झालंय : 'ड्युरेक्स हा सरटीज संघाचा वादग्रस्त पुरस्कर्ता होता.' वाचून वाटतं, ड्युरेक्स नावाचे कुणी गृहस्थ विधवाविवाहाचा पुरस्कार करत गावोगाव हिंडत होते.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (जमेलच असं नाही.)

१९६८पर्यंत ग्रां प्रीच्या, म्हणजे फॉर्म्युला वन शर्यतींच्या, गाड्या साधारणपणे आपापल्या देशाचा रंग लावून धावायच्या. इंग्रजांच्या हिरव्या, इटलीच्या लाल, फ्रेंचांच्या निळ्या. खर्चाचा मोठा वाटा तेल आणि टायर कंपन्या उचलत. त्यांचे हात आखडले, तेव्हा बाहेरच्या जाहिरातींना दार उघडलं गेलं. लोटस संघाच्या कॉलिन चॅपमनने लगोलग हिरवा रंग पुसून गोल्ड लीफ सिगरेटचा लाल, पांढरा आणि सोनेरी रंग चढवला. १९७२ला तर गाडीचं नावच 'जॉन प्लेयर स्पेशल' झालं. काळ्यावर सोनेरी, हुबेहूब पाकीट. त्याच वर्षी एमर्सन फिटिपाल्डी त्या गाडीत जगज्जेता झाला. मार्लबरो सिगरेट आधी बीआरएम संघाकडे होती, १९७४पासून मॅक्लारेनकडे आली. गंमत बघा, ब्रिटनमध्ये टीव्हीवर सिगरेटची जाहिरात १९६५पासूनच बंद होती. जे जाहिरात म्हणून दाखवायला मनाई, ते खेळ म्हणून भरधाव वेगाने दाखवायला हरकत नव्हती.

मग १९७६ उजाडलं. जॉन सरटीज हा मोटारसायकल आणि मोटार, दोन्हींत जगज्जेता झालेला आजवरचा एकमेव माणूस. त्याचा स्वतःचा संघ होता, पैशांची मात्र कायम ओढाताण. त्याला त्या वर्षी ड्युरेक्स मिळालं. टीएस१९ ही गाडी, तिच्या अंगावर कंडोमचं नाव आणि आत ऑस्ट्रेलियाचा ॲलन जोन्स. मार्चमध्ये ब्रँड्स हॅचला 'रेस ऑफ चॅम्पियन्स' होती. हे कुटुंबाने एकत्र बसून बघण्यासारखं नाही, असं ठरवून बीबीसीने तिथून कॅमेरे गुंडाळले. शर्यतीत जेम्स हंट पहिला आला, जोन्स दुसरा. हंटच्या गाडीवर मार्लबरो होतं, त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

तर प्रश्न दोन. एक, पुरस्कर्ता की प्रायोजक? दोन, वरच्या वाक्यात 'वादग्रस्त' हे विशेषण कुणाला लावायचं?

शुद्धनिषाद :
संपादकबाई अगदीच चुकीच्या नाहीत. 'पुरस्' म्हणजे पुढे, पुरस्कार म्हणजे पुढे करणं, पुढे ठेवणं. मराठीत त्यातून दोन फाटे फुटले. एक बक्षिसाचा, दुसरा एखाद्या मताची बाजू घेण्याचा. 'पुरस्कृत' मध्ये पैसे देण्याचा अर्थही थोडाफार आलाय, 'शासन पुरस्कृत योजना' आपण म्हणतोच. निवडणुकीत 'पक्ष पुरस्कृत अपक्ष' असतो तोही त्यातलाच.

पण मूळ अर्थ धरून बसलं तर तुमच्या प्रकरणात भलताच पेच होतो. कुणी कुणाला पुढे केलं? कंपनीने गाडीला की गाडीने कंपनीला? नाव अंगावर घेऊन जगापुढे मिरवलं ते सरटीजने. म्हणजे पुरस्कर्ता सरटीज, आणि पुरस्कृत ड्युरेक्स! बाईंना हे कळवून बघा.

खडखड :
कळवतो, पण मग मानधनाचं तुम्ही बघा.

अमृता_डोंबिवली :
मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझी गाडी व्याकरणाकडेच वळणार. 'प्रयोजक' हा आपल्या व्याकरणातला जुना शब्द आहे, दूरदर्शनने आणलेला नाही. प्रयोजक क्रियापद म्हणजे कर्ता स्वतः न करता दुसऱ्याकडून क्रिया करवून घेतो ते. करणे, करवणे. बसणे, बसवणे. पिणे, पाजणे. 'प्रायोजक' हा त्याचाच भाऊ. पैसे मोजून दुसऱ्याकडून घडवून आणणारा तो प्रायोजक. प्रयोजनही त्याच घरातलं, आणि प्रयोजनाशिवाय कुणी एवढे पैसे देत नाही.

मोटारशर्यतींचं मला फार कळत नाही. आमचे हे बघतात. पण त्यांनीच सांगितलेली गोष्ट इथे चपखल बसते. १९७९ साली सिल्व्हरस्टोनला विल्यम्स संघ पहिल्यांदा ग्रां प्री जिंकला. चालक क्ले रेगाझोनी. संघाचा पैसा सौदी अरेबियाचा, म्हणून विजयमंचावर शॅम्पेनऐवजी संत्र्याचा रस. आता वाक्य करा : 'रेगाझोनी रस प्याला' की 'प्रायोजकाने रस पाजला'? मुलांना उदाहरण म्हणून द्यायला झकास आहे, फक्त शॅम्पेन वगळावी लागेल.

तालीमवाला :
दोन्ही शब्द बाजूला ठेवा, आमच्या कोल्हापुरात 'आश्रय' म्हणतात. शाहू महाराजांनी पैलवान सांभाळले, १९१२ला खासबाग मैदान बांधून दिलं. पैलवानाच्या लांगेवर कुणाचं नाव लिहिलं होतं काय? आश्रयदात्याला मान मिळतो, त्याला जाहिरात लागत नाही.

खडखड :
तालीमवाले, तुमचा आश्रयदाता ह्या गोष्टीत आहे बरं का. लॉर्ड हेस्केथ. तरुण वय, गडगंज वारसा. हा प्रकार पाटीलकी थाटाचा होता. १९७३ ते ७५ त्याने स्वतःच्या खिशातून संघ चालवला. पांढरी गाडी, कंपनीचं नाव नाही, खूण म्हणून टेडी अस्वल. जेम्स हंटला त्यानेच ग्रां प्रीत आणलं, आणि १९७५ला झान्डव्होर्टला फेरारीच्या निकी लाउडाला मागे टाकून हंट जिंकला. शुद्ध राजाश्रय!

पण पैसा आटला, आणि १९७५च्या शेवटी लॉर्डसाहेबांनी हात वर केले. पुढच्या वर्षी त्याच संघाच्या गाडीवर काय आलं? 'पेंटहाउस' हे नागड्या चित्रांचं मासिक आणि 'रिझला' हा सिगरेट वळायचा कागद. एका हिवाळ्यात आश्रयदाता गेला, प्रायोजक आला. शब्दांमधला फरक मला तरी ह्याहून स्वच्छ दाखवता येणार नाही. आश्रय देणारा 'माझा पैलवान' म्हणतो. प्रायोजक 'ह्या हंगामापुरता' म्हणतो.

आता जरा विषय सोडून, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच १९७६मध्ये १ ऑगस्टला न्युर्बुर्गरिंगला लाउडाची फेरारी पेटली. त्याला आगीतून ओढून काढणारे चार चालक. गाय एडवर्ड्स आणि हाराल्ट एर्ट्ल हेस्केथचे, ब्रेट लंगर सरटीजच्या दुसऱ्या गाडीचा, आणि आर्तुरो मेर्झारिओ. म्हणजे ज्या दोन संघांच्या गाड्या घरात दाखवण्याजोग्या नाहीत असं म्हणावं, त्यांचीच तीन माणसं त्यात होती.

कावेबाज :
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी फिरकलंच नाही. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. पूरग्रस्त माणूस पूर आणत नाही, पुरात सापडतो. दुष्काळग्रस्त तसाच. मग वादग्रस्त म्हणजे वादाने ज्याला गिळलं तो. ड्युरेक्सला वादाने गिळलं काय? छे! कंपनीची फुकटात चर्चा झाली. गिळले गेले ते ब्रिटनचे प्रेक्षक. त्यांचाच माणूस, हंट, जगज्जेतेपदासाठी झुंजत होता आणि बीबीसी जवळजवळ हंगामभर तोंड फिरवून बसली होती.

म्हणून वर्तमानपत्रं 'वादग्रस्त मंत्री' लिहितात तेव्हा मला हसू येतं. तो बिचारा वादग्रस्त नसतो, वादनिर्माता असतो. वाद लावणाऱ्याला आपण आपद्ग्रस्तांच्या रांगेत बसवतो.

शुद्धनिषाद :
कावेबाज, एवढं ताणू नका. 'वादग्रस्त जमीन' म्हणतात ना? जमीन वाद लावतही नाही आणि तिला त्रासही होत नाही, वाद तिच्यावरून चालतो. त्या अर्थाने शब्द बरोबर आहे. सरटीजच्या गाडीचा तो वीतभर पत्रा वादग्रस्त होता. मालक एक, पीक दुसऱ्याचं, आणि बघायला नकार देणारा तिसराच.

फक्त एक गोष्ट लेखात यायला हवी. वाद त्या वस्तूत भरून ठेवलेला नव्हता. १९७६ला सिगरेट वादग्रस्त नव्हती, निदान शर्यतीच्या गाडीवर नव्हती. आज लहान मुलांच्या पुस्तकात ती काळी-सोनेरी लोटस छापायची म्हटली तर संपादक नाव पुसायला सांगतील, आणि कंडोमची जाहिरात मालिकांच्या मध्ये येते. आपल्याकडेही क्रिकेट संघाच्या छातीवर सिगरेटचं नाव होतं, ते गेलं. तेव्हा 'वादग्रस्त' लिहायचं तर कधी आणि कुणाच्या लेखी, तेही लिहा. नुसतं विशेषण चिकटवून मोकळं होऊ नका.

सुलभाकाकू :
तुमची चर्चा वाचत होते. माझं जरा अवांतर आहे, पण शब्दांचंच आहे.

लंडनवाल्यांना १९७६ला जे नाव पडद्यावर नको होतं, त्याचं भाषांतर आपल्या सरकारने १९६८लाच भिंतीभिंतीवर रंगवलं होतं. निरोध! १५ पैशांना ३. लाल त्रिकोणाशेजारी ते नाव वाचत आम्ही शाळेत जायचो आणि अर्थ विचारला की मोठी माणसं पाऊस पडेलसं वाटतंय म्हणायची. बिचाऱ्या पतंजलींच्या चित्तवृत्तिनिरोधाचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक. योगाच्या वर्गात सर ते सूत्र म्हणायचे तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकायची.

आणखी एक. निरोध दुकानादुकानांत पोचवायला सरकारने चहा, साबण, बॅटरी विकणाऱ्या मोठ्या कंपन्या धरल्या होत्या. ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर वगैरे. त्यांत सिगरेटवाली इम्पीरियल टोबॅकोही होती. म्हणजे तिकडे सिगरेट आणि कंडोम ह्यांतलं एक सोवळं, दुसरं ओवळं. इकडे दोन्ही एकाच पोत्यातून.

आपल्याकडे सगळे शहाणे होते असं मात्र समजू नका. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ला संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. आरोप अश्लीलतेचा. आता 'अश्लील' ची फोड बघा : मूळ 'अश्रील', ज्यात श्री नाही ते. श्री म्हणजे शोभा, आणि श्री म्हणजे लक्ष्मीसुद्धा. तुमच्या सरटीजकडे श्री नव्हती म्हणून तो ड्युरेक्सकडे गेला, आणि श्री आली तर लोक म्हणाले अश्लील!

खडखड :
काकू, दंडवत. हे लेखात घेऊ का?

सुलभाकाकू :
घे की. नाव नको घालूस, सूनबाई वाचते तो अंक.

अमृता_डोंबिवली :
पोरसवदा प्रश्न आहे, पण 'कंडोम' ला लेखात काय लिहिलंय तुम्ही?

खडखड :
मी 'कंडोम' च लिहिलं होतं. बाईंनी 'कुटुंबनियोजनाची साधने बनविणारी कंपनी' केलंय. बरं, लाजण्यात ती कंपनीही मागे नव्हती. अधिकृत नाव 'लंडन रबर कंपनी', आणि 'ड्युरेक्स' हे टिकाऊपणा, खात्री आणि उत्कृष्टता ह्या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांतून जुळवलेलं. टायरलाही शोभलं असतं. जोन्सच्या ऑस्ट्रेलियात तर त्या काळी ड्युरेक्स म्हणजे चिकटपट्टी! त्याच्या गावाकडच्यांनी फोटो बघून काय समजूत करून घेतली असेल कोण जाणे. ब्रिटनच्या टीव्हीवर कंडोमची जाहिरात यायला १९८७ उजाडावं लागलं, तेही एड्सच्या धास्तीने.

कावेबाज :
ते सगळं ठीक, पण बीबीसीचं शेवटी काय झालं?

खडखड :
तेच सांगायचं राहिलं. २४ ऑक्टोबर १९७६, जपानमध्ये फूजीला हंगामातली शेवटची शर्यत. लाउडा भाजलेल्या चेहऱ्याने परतलेला, ३ गुणांनी पुढे. धो धो पाऊस. लाउडा दोन फेऱ्यांनंतर 'हा वेडेपणा आहे' म्हणून थांबला. हंटला निदान चौथा यायचं होतं. टायर बदलायला आत यावं लागलं, त्यात तो मागे पडला. अगदी शेवटच्या फेऱ्यांत त्याने रेगाझोनीची फेरारी ओलांडली आणि मग ॲलन जोन्सची सरटीज. तिसरा आला, एका गुणाने जगज्जेता झाला. एवढ्या मोठ्या बातमीपुढे बीबीसीचं सोवळं सुटलं आणि ती शर्यत ब्रिटनमध्ये दाखवली गेली.

निकाल असा : पहिला मारिओ आंद्रेट्टी, जॉन प्लेयर स्पेशल. दुसरा पात्रिक दपाये, टिरेल. तिसरा हंट, मार्लबरो. चौथा जोन्स, ड्युरेक्स.

शुद्धनिषाद :
वा. मग वाक्य पक्कं करा एकदाचं.

खडखड :
बाईंना असं पाठवलंय : '१९७६ साली सरटीज संघाने ड्युरेक्स ह्या कंडोमच्या कंपनीचं प्रायोजकत्व घेतलं, आणि त्यावरून बीबीसीने शर्यतींकडे पाठ फिरवली.' 'पुरस्कर्ता' नाही, 'वादग्रस्त' नाही. हेस्केथच्या परिच्छेदात 'आश्रयदाता' ठेवलाय, तालीमवाल्यांच्या मानाखातर.

आत्ताच उत्तर आलं. तिन्ही मान्य. कंडोमसुद्धा राहू दे म्हणाल्या. लेखाच्या पहिल्या पानावर फोटो मात्र लोटसचा टाकताहेत. तो जास्त सभ्य दिसतो म्हणे.