मदत हवी आहे: तक्रार नाही म्हणजे गळती नाही, असं धरायचं का?

मी डेटा सायंटिस्ट आहे. आधी जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) नोंदी, मग सौर वीजनिर्मितीचा अंदाज, आणि आता पालिकेसाठी पाणीगळतीच्या तक्रारी. अडलंय ते या तिसऱ्या कामात.

तक्रारींवर मॉडेल बसवलं की ते गळती शिकतच नाही, लोकांची तक्रार करायची सवय शिकतं. ज्या वॉर्डांतून फोन येत नाहीत ते नकाशावर हिरवेगार! जंगलातही हाच घोळ असायचा: कॅमेऱ्यात प्राणी आला नाही म्हणजे तो तिथे नाहीच, असं नसतं. त्यावर मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांचं २००२ सालचं ऑक्युपन्सी मॉडेल होतं; एकाच जागेच्या अनेक भेटींवरून ‘असणं’ आणि ‘दिसणं’ वेगळं काढता यायचं. इथे भेटीच नाहीत. प्रत्येक आठवडा म्हणजे एक भेट असं मानून पाहिलं, पण मध्येच गळती दुरुस्त होते आणि भेटींदरम्यान स्थिती बदलत नाही हे त्या मॉडेलचं गृहीतक कोसळतं. दरडोई तक्रारी काढून पाहिल्या, चित्र तेच. (सौरऊर्जेत बरं होतं, संध्याकाळी मीटर खरं काय ते सांगून टाकायचा.)

महिन्याला जास्तीत जास्त ४० ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी करून मिळेल. तक्रारदारांची माहिती मिळणार नाही, मला नकोही आहे. आर, स्टॅन (संख्याशास्त्रीय मॉडेलं बसवायची सॉफ्टवेअर) दोन्ही चालेल.

या ४० पाहण्या सरसकट यादृच्छिक टाकू की गप्प वॉर्डांत जास्त? आणि त्या तक्रारींच्या नोंदींशी एकाच मॉडेलमध्ये कशा जोडू?